रडायची सोय न ठेवणारा लेखक

रिचर्ड राइट हे नाव आपल्याकडे घोषणेसारखं आलं. ब्लॅक पँथर १९६६ मध्ये ऑकलंडला निघाली, आपली दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत निघाली. तेव्हापासून काळ्यांच्या साहित्याचा उल्लेख केल्याशिवाय आपलं एक भाषण होत नाही. राइट, बाल्डविन, एलिसन. नावं घेतली की टाळी. पण त्या टाळीनंतर पुस्तक उघडून कोण बसतो? मी कुणाला दोष देत नाही. इंग्रजी जड, पुस्तकं महाग, आणि रातपाळी करून आलेल्या माणसाला डिक्शनरी घेऊन बसायचं म्हंजे डोळ्यात तेल घालणं. तरी बसलो. 'नेटिव्ह सन' संपवायला मला पाच महिने लागले. साच्यावर उभं राहून तुटलेली तार सांधताना त्यातलं एकेक वाक्य डोक्यात फिरायचं. तेव्हा जे सुचलं ते इथं मांडतो. मी कॉलेजात गेलेलो नाही, त्यामुळं समीक्षेची परिभाषा माझ्याकडं नाही. राइटकडंही नव्हती. त्याची शाळा नववीला सुटली.

आधी माणूस बघा. जन्म ४ सप्टेंबर १९०८, मिसिसिपी राज्यात, नॅचेझ गावाजवळच्या एका मळ्यावर. बाप वाट्यानं शेती करणारा, आई शाळामास्तरीण. आजा-आजी गुलामीत जन्मलेले. आईचा बाप यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढला. पण सरकारी कागदावर नाव चुकीचं पडलं म्हणून जन्मभर पेन्शनसाठी अर्ज करत राहिला आणि पेन्शन न मिळताच मेला. कागदावरचं एक अक्षर माणसाला कसं बाद करतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. बाप मेंफिस शहरात बायको-पोरांना टाकून दुसरीबरोबर गेला. पोरगा काही दिवस अनाथाश्रमात. नंतर आईला पक्षाघात. मावशीचा नवरा अर्कान्सासात एलेन गावी दारूचं दुकान चालवायचा. धंदा बरा चालला होता हाच त्याचा गुन्हा. १९१६ मध्ये गोऱ्यांनी त्याला गोळी घातली. प्रेत मिळालं नाही, दफन नाही, कोर्ट नाही. घरच्यांनी रातोरात गाव सोडलं. तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच एलेनच्या परिसरात काळ्या वाटेकरी शेतकऱ्यांचं हत्याकांड झालं. ते कापसाला भाव मागत होते, संघटना बांधत होते.

हे सगळं त्यानं 'ब्लॅक बॉय' ह्या १९४५ च्या आत्मकथनात लिहिलं. त्यात भूक हे पात्र आहे. नुसता पोटातला खड्डा नव्हे, रात्री उशाशी येऊन बसणारं, टक लावून बघणारं पात्र. बाप गेला तेव्हा पोराला बापाची आठवण भुकेबरोबरच यायची. म्हंजे बाप म्हटलं की भूक, आणि भूक म्हटलं की बाप. आपल्याकडं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, त्यानंतर आत्मकथनांची रांग लागली. त्यात भूक आहेच. पण राइट आपल्या माणसांबद्दल जे निर्दयपणे लिहितो ते वाचून मी थबकलो. आजी देवभोळी, अॅडव्हेंटिस्ट पंथाची. घरात गोष्टीचं पुस्तक म्हणजे सैतानाचं काम. घरात भाड्यानं राहणाऱ्या एका तरुण मास्तरणीनं पोराला एक गोष्ट ऐकवली तर आजीनं थयथयाट केला. मारहाण घरातलीच. आईच पोराला काठी देऊन रस्त्यावर ढकलते, की पैसे लुबाडणाऱ्या पोरांना मारल्याशिवाय घरात यायचं नाही. राइट कुठंही म्हणत नाही की आमची माणसं गरीब पण किती प्रेमळ. तो म्हणतो, दहशतीत जगणारी माणसं आपल्याच पोरांना दहशत शिकवतात, कारण ती शिकवली नाही तर पोर बाहेर जाऊन मरेल. हे त्याच्या काळ्या वाचकांना बोचलं. बोचायलाच पाहिजे होतं.

त्या पुस्तकातले दोन प्रसंग मी आमच्या अभ्यास मंडळात तोंडी सांगत असतो. पहिला शॉर्टीचा. मेंफिसमधल्या इमारतीत लिफ्ट चालवणारा काळा माणूस. हुशार, वाचणारा, जगाचं भान असलेला. पण जेवायला चार आणे कमी पडले की गोऱ्यापुढं नाचतो, ढुंगण पुढं करतो, लाथ मारून घेतो आणि नाणं कमावतो. राइट त्याला विचारतो, हे कसं जमतं तुला? त्याला काही फिकीर नाही, नाणं मिळालं ना! दुसरा प्रसंग झुंजीचा. चष्म्याच्या कारखान्यातले गोरे मुकादम राइटला सांगतात की समोरच्या कारखान्यातला हॅरिसन तुला भोसकणार आहे. हॅरिसनला जाऊन उलटं सांगतात. दोघं काळे पोरगे एकमेकांना भेटतात, सगळं उघड होतं, दोघांत भांडण नाहीच. तरीही शेवटी पाच-पाच डॉलरसाठी दोघं गोऱ्यांपुढं मुष्टियुद्ध करतात. ठरवलेलं असतं की खोटं खोटं लढायचं. पण एक ठोसा जरा जोरात बसतो आणि मग खरं सुरू होतं. दोघंही रक्तबंबाळ. त्यानंतर एकमेकांच्या तोंडाकडं बघवत नाही. मित्रांनो, आपल्या गटागटातली भांडणं कुणाच्या पाच डॉलरवर चालतात याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. मी इथं नावं घेत बसत नाही.

आणि तो ग्रंथालयाचा किस्सा. मेंफिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात काळ्याला पुस्तक मिळत नसे. राइटला मेंकेन नावाच्या लेखकाचं काहीतरी वाचायचं होतं, कारण वर्तमानपत्रानं त्याला शिव्या दिल्या होत्या. कारखान्यात एक आयरिश कॅथलिक होता, ज्याला इतर गोरेही हलकाच मानायचे. त्याचं कार्ड राइटनं मागून घेतलं. मग गोऱ्या माणसाच्या सहीची खोटी चिठ्ठी लिहिली, की ह्या पोराकडं पुस्तकं द्यावी. ती खरी वाटावी म्हणून त्या चिठ्ठीत त्यानं स्वतःचा उल्लेख गोरे करतात तसा, शिवी वापरून केला. बाईनं संशयानं विचारलं, तू तर वाचणार नाहीस ना? तो म्हणाला, मला वाचताच येत नाही. वाचायला मिळावं म्हणून त्याला अडाणी व्हावं लागलं, स्वतःलाच शिवी द्यावी लागली. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या शीर्षकातच जी वेदना आहे तिचा हा सख्खा भाऊ. त्या पुस्तकांतून त्याला कळलं की शब्दांचा शस्त्रासारखा वापर करता येतो.

१९२७ मध्ये तो शिकागोला पळाला. टपाल कचेरीत कामाला लागला. मंदी आली. १९३३ मध्ये जॉन रीड क्लबात गेला, तिथून कम्युनिस्ट पक्षात. पहिल्यांदा गोरी माणसं त्याच्याशी सरळ बोलली. त्याची कविता, गोष्ट छापली. हे उपकार त्यानं कधी नाकारले नाहीत. पण पक्षाला लेखक नको होता, पत्रकं लिहिणारा हवा होता. १९३६ च्या मे दिनाच्या मिरवणुकीतून त्याला गोऱ्या कॉम्रेडांनी उचलून बाहेर फेकलं आणि काळे कॉम्रेड बघत राहिले. एकदा तर डेट्रॉइटहून आलेल्या एका माणसानं क्लबात गोंधळ घातला, ह्याला गद्दार ठरव, त्याच्यावर आरोप कर. सगळे घाबरून त्याच्यामागं. पुढं कळलं, तो वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेला होता. राइट हे हसत हसत सांगतो, पण हसू गळ्यात अडकतं. शिस्त म्हटलं की वेडा कोण आणि शहाणा कोण हे ओळखायची ताकद जाते. महायुद्धाच्या काळात पक्षानं काळ्यांचा प्रश्न मागं सारला तेव्हा १९४२ मध्ये तो बाहेर पडला. १९४४ मध्ये जाहीर लेख लिहिला.

त्या लेखाचा वापर पुढं शीतयुद्धवाल्यांनी केला हे खरं. १९४९ मध्ये कम्युनिझम सोडलेल्या लेखकांच्या एका गाजलेल्या संग्रहात तो छापला गेला. पण वाचून बघा, राइट भांडवलदाराच्या मांडीवर जाऊन बसलेला नाही. जातीचा प्रश्न आधी की वर्गाचा, ह्यावर आपण चहाच्या टपरीवर रात्री घालवतो. त्याला हाच प्रश्न वंशाबाबत पडला होता आणि तो पक्षात राहूनही सुटला नाही, बाहेर पडूनही सुटला नाही.

आता मुख्य गोष्ट. १९३८ मध्ये त्याचा कथासंग्रह आला, 'अंकल टॉम्स चिल्ड्रन'. दक्षिणेतली झुंडशाही, जाळलेली माणसं. गाजला. बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांत स्तुती. आणि ती स्तुती वाचून ह्या माणसाला राग आला, स्वतःचाच! कारण त्याच्या लक्षात आलं की पेढीवाल्यांच्या पोरी हे पुस्तक वाचून रडतील, डोळे पुसतील आणि रडल्यामुळं त्यांना बरं वाटेल. रडून मोकळ्या होतील. मग त्यानं ठरवलं की पुढचं पुस्तक असं लिहीन की त्यावर कुणाला रडता येणार नाही. इतकं कठीण की वाचणाऱ्याला अश्रूंचा आधार न घेता त्याच्यासमोर उभं राहावं लागेल.

माझ्या मते हे एकच विधान आपल्या सगळ्या साहित्यचर्चेपेक्षा मोठं आहे. आपल्या आत्मकथनांचं काय झालं? पुरस्कार मिळाले. अभ्यासक्रमात लागली. प्राध्यापक बाईंनी वर्गात वाचताना आवंढा गिळला. किती भोगलंय हो ह्यांनी! आणि तास संपला. वाचणारा रडला की त्याचं देणं फिटलं. मी असं म्हणत नाही की ती पुस्तकं लिहायला नको होती. त्यांच्यामुळं माझ्यासारखा गिरणीतला पोरगा लिहू लागला. पण वाचणाऱ्याला रडायची सोय करून द्यायची की नाही, हा लिहिणाऱ्याचा निर्णय असतो, आणि राइटनं तो जाणूनबुजून घेतला.

'नेटिव्ह सन' १ मार्च १९४० ला बाहेर पडली. बुक ऑफ द मंथ क्लबनं निवडली आणि तीन आठवड्यांत सव्वादोन लाखांच्या आसपास प्रती खपल्या. काळ्या लेखकाच्या पुस्तकाला असं कधी झालं नव्हतं. बिगर थॉमस, वय वीस, शिकागोच्या दक्षिण भागातला पोरगा. एका खोलीत आई, बहीण, भाऊ आणि हा. कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिल्याच पानांत खोलीत घूस येते आणि बिगर तिला तव्यानं ठेचतो. तिथंच कादंबरीचा निकाल लागलेला आहे, कारण पुढं हाच बिगर छपरांवरून पळतो आणि सगळं शहर त्याला ठेचायला निघतं.

पण ती खोली कुणाची? इथं राइट कामगारासारखा हिशोब मांडतो. बिगरला डॉल्टन नावाच्या कोट्यधीशाकडं ड्रायव्हरची नोकरी लागते. डॉल्टन दानशूर. काळ्यांच्या संस्थांना लाखोंनी देणग्या, त्यांच्या पोरांना खेळायला पिंगपाँगची टेबलं. बिगरला म्हणतो, पगार आठवड्याला वीस डॉलर, पण मी पंचवीस देईन, वरचे पाच तुझ्या खर्चाला. किती मोठं मन! आणि बिगरच्या घरचे त्या घुशीच्या खोलीला आठवड्याला आठ डॉलर भाडं भरतात. ते भाडं ज्या कंपनीला जातं तिच्यात मालकी ह्याच डॉल्टनची. म्हंजे उजव्या हातानं पंचवीस दिले, डाव्या हातानं आठ परत घेतले, आणि मधल्या मध्ये दानशूर झाला. गोऱ्यांना त्याच प्रकारच्या जागेला भाडं कमी, काळ्यांना जास्त, कारण काळ्यांना दुसरीकडं जागाच मिळत नाही. शिकागोत घरमालकांचे आपसातले करारच असायचे की काळ्याला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. असे करार कोर्टानं बजावून द्यायचे नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ मध्ये लागला. कादंबरीनंतर आठ वर्षांनी. चौकशीत वकील मॅक्स डॉल्टनला विचारतो, तुम्ही काळ्यांना दुसऱ्या भागात खोल्या का देत नाही? डॉल्टनचं उत्तर असं की जुनी रीत आहे, आणि त्यांनाही एकत्र राहायलाच बरं वाटतं. हे उत्तर आपण कुठं ऐकलंय?

खून कसा होतो ते बघा. मालकाची पोरगी मेरी आणि तिचा कम्युनिस्ट मित्र जान बिगरला बरोबरीनं वागवायला बघतात. हस्तांदोलन करतात, गाडीत शेजारी बसतात, तुमच्या वस्तीतल्या हॉटेलात जेवायला ने म्हणतात. त्यांना वाटतं आपण मैत्री करतोय. बिगरला वाटतं आपल्याला नागवं करून चव्हाट्यावर उभं केलंय. रात्री मेरी दारूनं बेशुद्ध. तो तिला उचलून खोलीत नेतो. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. गोऱ्या पोरीच्या खोलीत काळा पुरुष सापडला म्हणजे मरण, हे बिगरला पाळण्यातून माहीत. पोरीनं आवाज करू नये म्हणून तो तिच्या तोंडावर उशी दाबतो. ती मरते. त्याला मारायचं नव्हतं. पण त्याच्या हाताला ती उशी कुणी दिली, हा प्रश्न राइट चारशे पानं विचारत राहतो.

मग तळघरातली भट्टी. प्रेत भट्टीत. कापून टाकावं लागतं, डोकं वेगळं करावं लागतं. राइट डोळा मिटत नाही आणि आपल्यालाही मिटू देत नाही. भट्टी सांभाळणं हे बिगरच्या नोकरीतलंच काम. पण तो राख काढत नाही. काढायची हिंमतच होत नाही, कारण राखेत काय असेल. वर्तमानपत्रवाले तळघरात जमलेत, घर गार पडत चाललंय, सगळे म्हणतायत राख काढ. बॉयलरवर काम केलेला कुणीही तुम्हाला सांगेल, राख साचली की हवा बंद होते आणि धूर उलटा येतो. तेच होतं. तळघर धुरानं भरतं, एक पत्रकारच फावडं घेऊन राख ओढतो आणि हाडं, कानातला डूल बाहेर येतो. समीक्षकांनी ह्या भट्टीवर नरक, प्रतीक वगैरे बरंच लिहिलंय. मला त्यात दिसतो कामाचा तपशील. नोकराचा गुन्हा नोकराच्याच कामात चूक झाल्यानं उघडा पडतो. हे सुचायला लेखकानं कधीतरी अंगावर काम केलेलं असावं लागतं.

आणखी एक. खून झाल्यावर बिगरला भीतीबरोबर आणखी काहीतरी वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी केलं असं वाटतं. इथं भलेभले वाचक पुस्तक मिटतात. पण राइट त्याचं समर्थन करत नाही. तो दाखवतो की ज्याला विमान चालवायची इच्छा आहे आणि नुसतं आकाशातलं विमान बघायची परवानगी आहे, त्याच्याकडं 'मी केलं' म्हणायला काय उरतं? ज्या दिवशी दुकान लुटायचं ठरलं त्या दिवशी गोऱ्याच्या दुकानाची भीती वाटली, तर ती भीती लपवायला हाच बिगर आपल्याच दोस्तावर, गसवर, सुरा काढतो. वर चालत नाही म्हणून शेजारी चालतो. आपल्या वस्तीत शनिवारी रात्री हेच चालतं.

इथपर्यंत मी राइटच्या बाजूनं आहे. आता माझं भांडण.

बेसी. बिगरची मैत्रीण. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात आठवडाभर राबते आणि सुट्टीच्या रात्री दारू पिऊन पडते. बिगर तिला खंडणीच्या बेतात ओढतो. ती रडते, नको म्हणते, माझ्या आयुष्यात कष्टाशिवाय काही झालं नाही म्हणते. पुढं पळताना ती ओझं होते. एका ओसाड इमारतीत तो तिच्यावर जबरदस्ती करतो, ती झोपली की विटेनं तिचं डोकं फोडतो आणि प्रेत खाली टाकून देतो. हा खून अपघात नाही. हा ठरवून केलेला. उशी दाबताना आंधळी बाई दारात होती. विटेच्या वेळी दारात कुणी नव्हतं.

आणि खटला कशाचा? मेरीचा. गोऱ्या पोरीचा. बेसीचं फुटलेलं प्रेत टेबलावर घालून चौकशीत आणलं जातं, ते मेरीचा खून सिद्ध करायला पुरावा म्हणून. तिच्यासाठी न्याय मागायला कुणी नाही. बिगरलाही त्या क्षणी उमगतं की बेसीला हे आवडलं नसतं. जिवंतपणी गोऱ्यांसाठी राबली, मेल्यावरही त्यांच्याच कामाला. राइटला हे दिसत होतं, त्यानंच दाखवलं. पण मॅक्सचं ते पानोपान चाललेलं भाषण वाचा. त्यात बेसी दोन-चार वाक्यांत उरकली. आणि कादंबरीत? बिगरचं मन शेकडो पानं उघडून ठेवलंय, बेसीचं एकदाही आतून उघडलं नाही. आई रडते, बहीण भेदरते, बेसी दारू पिते. कोर्टानं बेसीला पुरावा केलं म्हणून रागावणारा लेखक स्वतःही तिला बिगरच्या कहाणीतला पुरावाच करून ठेवतो.

कुणी म्हणेल, १९४० सालचं पुस्तक, तेव्हा हे भान कुठं होतं? होतं. १९३७ मध्ये झोरा नील हर्स्टन ह्या काळ्या बाईची कादंबरी आली, 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड'. फ्लोरिडातली काळी बाई, तिचे तीन नवरे, तिची भाषा, तिची इच्छा. राइटनं 'न्यू मासेस' साप्ताहिकात ती झोडपली. ह्यात आशय नाही, संदेश नाही, गोऱ्यांच्या करमणुकीला लिहिलीय, असं त्याचं म्हणणं. हर्स्टननंही पुढच्या वर्षी त्याच्या कथासंग्रहावर उलट लिहिलं, ह्यात नुसता द्वेष आणि खून, काळ्यांचं बाकीचं आयुष्य कुठाय? दोघंही १९६० मध्ये वारले. ती जानेवारीत, फ्लोरिडात, कंगाल होऊन, आणि तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. १९७३ मध्ये अॅलिस वॉकरनं झुडपांतून जागा शोधून तिथं दगड बसवला. राइट नोव्हेंबरात पॅरिसला गेला. आपल्या मंडळात बाया लिहायला लागल्या की, "चळवळीचं काय त्यात?" असं विचारणारे जे आहेत, त्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. राइटसारखा माणूस तिथं आंधळा झाला, आपली काय कथा.

बाल्डविनचं भांडण वेगळं. राइटनं १९४५ मध्ये ह्या गरीब पोराला शिष्यवृत्ती मिळवून द्यायला मदत केली होती. १९४९ मध्ये बाल्डविननं निबंध लिहिला की निषेधाची कादंबरी माणसाला माणूस राहू देत नाही, बिगर हा अंकल टॉमचाच उलटा अवतार आहे. गोऱ्यांनी रंगवलेला राक्षस त्यानं खरा मानला. राइट भडकला. ह्या निबंधाचा आधार घेऊन विद्रोही साहित्याला प्रचारकी, आक्रस्ताळं म्हणणारे आपल्याकडंही खूप. त्यांना बाल्डविन अर्धाच पाठ असतो. बाल्डविन राग सोडा म्हणत नव्हता. तो म्हणत होता की बिगरच्या भोवतीची माणसं, त्यांचं गाणं, त्यांचा जिव्हाळा, टिकून राहायची त्यांची रीत कुठं गेली? हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की बिगरला ती रीत मिळालीच नाही, म्हणून तर तो बिगर. सगळ्या वस्तीला बुद्धविहार आणि अभ्यास मंडळ मिळत नाही. ज्यांना मिळालं नाही त्या पोरांची कादंबरी कुणीतरी लिहायला पाहिजे होती.

छापणाऱ्यांनी काय कापलं तेही बघून ठेवा. 'नेटिव्ह सन'मधला थिएटरातला प्रसंग, मेरीबद्दल बिगरच्या मनात येणारी वासना, हे बुक क्लबच्या सांगण्यावरून काढलं. 'ब्लॅक बॉय'चा तर अख्खा दुसरा भाग, म्हणजे शिकागो आणि पक्षाचा, गाळला. त्यामुळं झालं काय, की दक्षिण वाईट, पोरगा उत्तरेला सुटला, संपलं. उत्तरेतल्या गोऱ्यांना बरं वाटलं. तो भाग 'अमेरिकन हंगर' नावानं १९७७ मध्ये निघाला, राइट मेल्यावर सतरा वर्षांनी. दोन्ही पुस्तकं धड स्वरूपात १९९१ मध्ये आली. 'द मॅन हू लिव्ह्ड अंडरग्राउंड' तर त्याहून पुढची. पोलीस एका निरपराध काळ्याला मारून मारून खुनाची कबुली लिहून घेतात, तो गटारात पळतो आणि जमिनीखालून शहर बघतो. प्रकाशकानं नाकारली, पोलिसांचा भाग कापून तिची गोष्ट १९४४ मध्ये छापली गेली. पूर्ण कादंबरी आली २०२१ मध्ये. आदल्याच वर्षी मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा सगळ्या जगानं पाहिला होता.

१९४७ पासून तो पॅरिसला राहिला, फ्रान्सचा नागरिक झाला. तिथं त्याचं लिखाण पातळ झालं असं बरेच म्हणतात. 'द आउटसायडर' मलाही पुस्तकी वाटली. पण तो नुसता कॅफेत बसला नाही. घानाला, तेव्हाच्या गोल्ड कोस्टला, जाऊन १९५४ मध्ये पुस्तक लिहिलं, नाव 'ब्लॅक पॉवर'. ही घोषणा रस्त्यावर आली १९६६ मध्ये. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली, नेहरू होते, चाऊ एन लाय होते, तिथंही राइट वही घेऊन हजर. त्या प्रवासाचा खर्च ज्या संस्थेनं दिला तिला सीआयएचा पैसा होता हे पुढं १९६७ पर्यंत उघड झालं, ही गंमतही नोंदवून ठेवतो. त्या परिषदेत गोऱ्या साम्राज्याविरुद्ध एकमुखानं बोलणाऱ्या देशांच्या पोटात आपलेही लोक होते. त्यांच्या वतीनं तिथं कोण बोललं? बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्यू बॉइसला पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची चौकशी केली होती आणि ड्यू बॉइसनं उत्तरही दिलं होतं. तो धागा राइटच्या बांडुंगच्या वहीपर्यंत पोचायला पाहिजे होता असं मला फार वाटतं.

शेवटच्या दीडेक वर्षात, आजारी असताना, त्यानं हायकू लिहिले. जवळजवळ चार हजार! पाऊस, चिमणी, बर्फ, कुत्रं. त्यातले आठशे सतरा त्यानं स्वतः निवडून ठेवले होते, ते १९९८ मध्ये छापले. आमच्यातला एक जण म्हणाला, शेवटी थकला आणि निसर्गकवी झाला. मला नाही पटत. ज्या माणसाला बालपणी पोटातल्या भुकेमुळं पानावरचं दव नीट बघता आलं नाही, त्यानं पन्नाशीत ते बघितलं तर त्याला हिशोब मागणारे आपण कोण? कवीला चिमणीवर लिहायचा हक्क बिगरवर लिहून मिळवावा लागत नाही. २८ नोव्हेंबर १९६० ला हृदय बंद पडलं. वय ५२. 'ब्लॅक बॉय'ची एक प्रत त्याच्याबरोबर जाळली आणि राख पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ठेवली.

वाचायला सुरुवात करणाऱ्यांनी 'ब्लॅक बॉय'पासून करावी. इंग्रजी सरळ आहे, वाक्यं आखूड, डिक्शनरी कमी लागते. जुनी प्रत मिळाली तर शेवट बघा. मेंफिस सोडून उत्तरेकडं निघाला तिथंच पुस्तक संपत असेल तर ते अर्धं आहे, पुढचं मिळवा. 'नेटिव्ह सन' दोन-तीन जणांनी मिळून वाचावी, आणि बेसीची पानं मंडळातल्या एखाद्या बाईला मोठ्यानं वाचायला सांगावी, मग पुरुषांनी बोलावं. माझी प्रत सध्या कार्डिंग खात्यातल्या एका दोस्ताकडं आहे. तो दुसऱ्या भागात पोचलाय. त्याचं झालं की पुढचा नंबर लावा.